मीम, रील आणि व्यंगचित्रं करणाऱ्या मंडळींना एका निवृत्त आरोग्य सहाय्यकाचं खुलं पत्र

मित्रांनो,

तुमच्यातले बहुतेक जण माझ्या मुलांच्या वयाचे असाल, म्हणून थोडं हक्कानं लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात हिवतापाच्या कामावर लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी साथींच्या मागे धावण्यात गेली. हिवताप, गॅस्ट्रो, कावीळ, चिकुनगुनिया, डेंग्यू, शेवटी कोरोना. प्रत्येक साथीत आमच्या खात्याची टिंगल झाली आणि त्यातली बरीचशी रास्त होती, हे खात्याचं मीठ खाऊनही सांगतो. तुमची चित्रं, तुमचे रील मी आवर्जून बघतो आणि पुढे पाठवतो. साथीच्या काळात सरकारची खिल्ली उडवणारी माणसं समाजाला हवीतच. माझी तक्रार एवढीच आहे की साथ आली की तुमचा नेम चुकतो. कारभार करणारा सहीसलामत सुटतो आणि घाव बसतो तो आजारी माणसाला.

2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काय झालं ते आठवा. बोंडगाव, काळवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केस मुठीत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायांचे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे, सगळ्यांचेच. आरोग्य खात्यानं पाण्याचे नमुने नेले, त्यात नायट्रेट जास्त निघालं. कुणी बुरशीचा संसर्ग म्हणालं. दिल्लीहून आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, माणसं आली. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, केस आणि गहू यांची तपासणी करून घेतली आणि शरीरात सेलेनियम हे खनिज फार वाढलंय, ते रेशनच्या गव्हातून आलं, असा निष्कर्ष मांडला.

केवढा ऐवज होता हा तुमच्यासाठी! रेशनचा गहू कुठून येतो, गोदामात कोण तपासतो, तपासतो तर काय तपासतो, कार्डधारकाला तो घ्यायचा की नाही हे ठरवायची सोय आहे का. यातल्या एकेका प्रश्नावर एकेक प्रहसन उभं राहिलं असतं. त्याऐवजी 'टक्कल व्हायरस' असं नाव पडलं आणि टकल्यांवरचे जुने विनोद नव्यानं फिरले. त्याच दिवसांत त्या गावांतल्या सोयरिकी अडल्याच्या, पोरंपोरी कॉलेजात जायला लाजत असल्याच्या बातम्या येत होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधून एसटीत चढणाऱ्या पोरीला तुमचा विनोद बरोबर सापडला. धान्य खरेदी आणि वाटप करणाऱ्या यंत्रणेच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

2020 साली कोरोनात यापेक्षा मोठ्या प्रमाणावर हेच झालं. 22 मार्चला संध्याकाळी 5 वाजता थाळ्या वाजल्या, 5 एप्रिलला रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे मालवले. थाळ्या बडवत चौकात नाचणाऱ्यांवर तुम्ही पोट धरून हसवलंत. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली, तेव्हा रांगेतल्या माणसांवर. रामदास आठवले यांची 'गो कोरोना' ही घोषणा तर आजही लग्नाच्या वरातीत वाजते. हे सगळं हसण्यासारखं होतं यात वाद नाही. पण 24 मार्चला रात्री 8 वाजता सांगून मध्यरात्रीपासून अख्खा देश बंद झाला, त्या मधल्या चार तासांत वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या, स्टील कारखान्यातल्या माणसानं नेमकं काय करायचं होतं, यावर किती मीम निघाली? 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून भुसावळला पायी निघाले होते, तिथून मध्य प्रदेशात आपल्या घरी जायला गाडी मिळेल या आशेवर. त्या दिवशी माझ्या फोनवर आलेल्या संदेशांत प्रश्न होता, रुळांवर कुणी झोपतं का. त्यांना रुळांवरून चालायला कोणी लावलं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

बरेलीत मार्चअखेर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर निर्जंतुकीकरणाचं द्रावण फवारलं, ते तुम्ही पाहिलं असेल. आपल्याकडेही बाजाराच्या, कार्यालयांच्या दारात फवारणीचे बोगदे उभे राहिले. सोडियम हायपोक्लोराइट फरशीसाठी असतं, माणसाच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी नसतं, हे आमच्या पहिल्या प्रशिक्षणात शिकवतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 18 एप्रिलला माणसांवर फवारू नका असं लेखी कळवलं. बोगदे तोवर खरेदी होऊन बसले होते. त्या खरेदीवर कुणी चित्र काढलं असतं तर मी ते चौकट करून भिंतीवर लावलं असतं.

नेम का चुकतो याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, भीती हे एक कारण आहे. आजारी माणूस नोटीस पाठवत नाही. 2020 च्या मे महिन्यात मुंबई पोलिसांनी काढलेल्या मनाई आदेशात अफवांबरोबरच आणखी एक गोष्ट होती: साथ रोखण्यासाठी काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांबद्दल अविश्वास निर्माण करणारा मजकूर. अविश्वास कशानं निर्माण होतो हे ठरवणार पोलीस. 2021 च्या जूनमध्ये व्यंगचित्रकार मंजुल यांना ट्विटरनं कळवलं की त्यांच्या खात्यावर कारवाई करा असं सरकारकडून सांगण्यात आलं आहे. अशा वातावरणात विशी-पंचविशीचा मुलगा मंत्र्याऐवजी थाळी वाजवणाऱ्या काकांना निवडतो, हे मी समजू शकतो. सरकारनं हे करू नये, हे सरळ आणि स्पष्ट सांगतो. साथीत लोकांचा सरकारवर विश्वास हवा हे खरं, पण तो धाकानं बसत नाही. तीस-पस्तीस घरांच्या वस्तीतसुद्धा बसत नाही, हे मी दारोदार फिरून पाहिलंय.

आणि हे आजचं नाही. साथरोग कायदा 4 फेब्रुवारी 1897 चा, मुंबईतल्या प्लेगसाठी घाईनं केलेला. जेमतेम चार कलमांचा. त्यातलं चौथं कलम असं की या कायद्याखाली सद्भावनेनं केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कुणावर दावा लावता येणार नाही. त्या बळावर प्लेग समितीचा इंग्रज अध्यक्ष रँड याच्या अमलाखाली पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामान जाळलं, माणसं उचलून सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे विलगीकरणाच्या छावणीत, नेली. रँडच्या खुनानंतर 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि 18 महिन्यांची सक्तमजुरी लागली. तोच कायदा 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. टिळकांबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ते प्लेगमध्ये पुणं सोडून गेले नव्हते. पळून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी खडे बोल सुनावले, हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय काढायला पुढाकार घेतला. टीका करणारा माणूस साथीच्या जवळ उभा होता. रोग्यांची सेवा करता करता प्लेगनंच गेलेल्या सावित्रीबाईंचं पुणं ते हेच, साल तेच.

त्याच वर्षातली दुसरी गोष्ट तुमच्या जास्त उपयोगाची आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पत्रं लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुण्यात घरं धुंडाळली जात होती, देवघरं विटाळली जात होती, लोकांचे हाल होत होते, हे सगळं खरं होतं. पण न शाबीत झालेल्या एका आरोपामुळे सगळं गाऱ्हाणंच खोटं ठरवायची संधी सरकारला मिळाली. म्हणून म्हणतो, टोमणा मारण्याआधी कागद बघा. विनोदाला अतिशयोक्ती माफ असते, पण आतला दाणा खरा हवा.

आता दाणे कुठे सापडतील ते सांगतो. हे तुम्हाला कोणी सांगत नाही आणि आम्हाला नोकरीत असताना बोलता येत नाही.

डेंग्यूचं घ्या. दरवर्षी आम्ही गावोगाव सांगतो, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी, हौद, टाक्या रिकाम्या करून घासून पुसून ठेवा. शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर आहे. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, मधेच भांडं घासलं की चक्र तुटतं. आता हाच संदेश घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या वस्तीत जा, जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. किंवा 2016 चं लातूर डोळ्यांपुढे आणा, जिथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि टाक्यांभोवती जमावबंदी लागली. मी एका घरी असाच सर्व्हेला गेलो होतो. मोरीत तीन पिंपं, गच्चीवर सिमेंटची टाकी, स्वयंपाकघरात दोन हंडे आणि एक रांजण. बॅटरीच्या उजेडात पिंपात अळ्या वळवळताना दिसत होत्या. मी घरातल्या मावशींना म्हटलं, हे ओतून द्यावं लागेल. त्या म्हणाल्या, ओततो की, तुम्ही भरून देणार का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अ‍ॅबेटचे, म्हणजे अळीनाशकाचे, चार थेंब टाकून आणि दारावर खडूनं तारीख लिहून पुढच्या घरी गेलो. त्या घरी डेंग्यू झाला तर कागदावर कारण येतं, नागरिकांची उदासीनता. पाणीपुरवठ्याचं नाव त्या कागदावर कधीच येत नाही. एकाच शहरात एक खातं पाणी साठवायला लावतं आणि दुसरं साठवलं म्हणून नोटीस देतं. यावर नाटक लिहा, राज्यभर प्रयोग होतील.

धूर फवारणीचं तर विचारूच नका. साथ आली की नगरसेवकाला, सरपंचाला, आमदाराला, सगळ्यांना धूर हवा असतो. यंत्राचा धडधडाट, पांढरा ढग, मागे पळणारी पोरं, मोबाईलवर फोटो. धुरानं मरतो फक्त त्या क्षणी उडणारा आणि धुरात सापडलेला डास. अळीला काही होत नाही. एडिस चावतो दिवसा आणि बसतो घरात, पलंगाखाली, कपड्यांच्या मागे, आणि धूर येतो संध्याकाळी रस्त्यावरून, तेव्हा लोक दारं-खिडक्या लावून घेतात. साथीच्या ऐन भरात, रुग्णाच्या घराभोवती, घरात शिरून धूर केला तर उपयोग आहे. पण गल्लीतून एक फेरी मारून जाणारी गाडी केवळ दाखवण्यासाठी असते, हे खात्यातला प्रत्येक माणूस जाणतो. अळी शोधणारी आमची माणसं त्याच दिवशी चार गल्ल्या पलीकडे वाकून फ्रिजमागचे ट्रे बघत असतात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी ती माणसं रोजंदारीवर, हंगामापुरती घेतलेली असतात.

मग आकडे. तापानं माणूस खासगी दवाखान्यात जातो, तिथे झटपट किटवर डेंग्यू निघतो, प्लेटलेट वीस हजारांवर येतात, घरचे रक्तपेढ्या पालथ्या घालतात. सरकारच्या दफ्तरी हा रुग्ण 'संशयित'. एलायझा ही रक्ताची जास्त खात्रीची चाचणी ठरावीक प्रयोगशाळेत होऊन डेंग्यू निघाला तरच तो 'बाधित'. झटपट किट चुकतात, त्यामुळे या नियमाला आधार आहे, तो मी खोडून काढत नाही. पण नमुना प्रयोगशाळेत पोचलाच नाही तर? माणूस गेला तर मृत्यू अन्वेषण समिती बसते, तिचा निर्णय यायला वेळ लागतो, आणि तोवर बातमीत मृत्यू शून्य असतात. घरात सुतक चालू असताना टीव्हीवर 'साथ आटोक्यात, घाबरून जाऊ नये' ऐकणाऱ्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार करा. व्यंगचित्राला यापेक्षा मोठा विषय कोणता हवा?

पुण्यात 2025 च्या सुरुवातीला जीबीएसची, म्हणजे गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. हातापायातली ताकद जाणारी, काहींना थेट व्हेंटिलेटरवर नेणारी, एकेक इंजेक्शन हजारो रुपयांचं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय पाण्याकडे गेला. यातली काही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली होती. घरपट्टी शहराची सुरू झाली, पण पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता विहिरीतून यायचं, वर क्लोरीन टाकलेलं. रहिवासी विहिरीकडे बोट दाखवत होते, महापालिका खासगी आरओ प्रकल्पांना सील ठोकत होती, टँकर तपासत होती. पूर्वी पटकीच्या साथीत गावोगाव मरीआईचा गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडायचे, तशी ही जबाबदारी एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत फिरत होती. त्याच वेळी लोक चिकन खावं की नाही यावर भांडत होते आणि कोंबडीवाल्यांचा धंदा बसला.

ज्यांच्यावर विनोद करू नये अशी आणखी एक जमात आहे, ती म्हणजे आशाताई. थर्मल गन कपाळाला लावणाऱ्या, 'खोकला आहे का' विचारणाऱ्या बाईवर वीस-एकवीस साली पुष्कळ रील झाले. 3 मे 2020 ला हवाई दलानं रुग्णालयांवर फुलं उधळली. आशांना कोरोनाच्या कामाचा जादा मोबदला होता महिन्याला 1000 रुपये. 2021 च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या जवळपास 70,000 आशांना त्यासाठी संप करावा लागला. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका आशाला वस्तीत लोकांनी दारातून हाकलून दिलं होतं, कारण 'या बाया नाव लिहून नेतात आणि मग गाडी येते' असं पसरलं होतं. ती पायरीवर बसली, पाणी प्याली आणि पुढच्या घराची कडी वाजवली. फुलांवर आणि हजार रुपयांवर लिहा. तिच्यावर लिहू नका.

तुम्हाला सामग्री हवी असेल तर फार लांब जायला नको. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, नोंदवही बघायला मागा. किती पोती आली, कधी आली, पिण्याच्या टाकीत रोज किती टाकली. पोत्याचं तोंड उघडं आहे का तेही बघा. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, उघड्या आणि ओल्या पोत्यातलं उडून जातं आणि नुसता चुना राहतो. मग जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे, ओटी टेस्टची (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) बाटली मागा. गावच्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत घ्या, थेंब टाका. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलंय, पांढरंच राहिलं तर नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याच्या सर्वेक्षणाचं, धोका कमी असल्याचं सांगणारं हिरवं कार्ड लावलेलं असेल. जवळ उभं राहून दोन्हींचा एकत्र फोटो काढा, कार्डाचा आणि नळीचा. पावसाळ्याच्या आधी, गॅस्ट्रोचा पहिला रुग्ण सलाइनवर जायच्या आधी हे करा. त्यावर काय चित्र काढायचं, काय संवाद लिहायचे, ते मी तुम्हाला शिकवायला नको.

आणि ती नळी पांढरी निघाली तर चित्र टाकण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक फोन करा, म्हणजे त्या दिवशी टाकीत पावडर पडेल.

तुमचा,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक